इंग्रजीतले ‘मॉडर्न’ : कशाच्या तुलनेत?

गोदातीर (धागाकर्ता)

लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथीड्रलचे बांधकाम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९७८ मध्ये पूर्ण झाले. पॅरिसजवळ प्वासी येथे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी रचलेले व्हिला साव्होआ हे घर १९३१ मध्येच उभे राहिले होते. वय पाहिले तर घर जुने आणि कॅथीड्रल नवे. तरीही वास्तुकलेविषयी इंग्रजीत लिहिणारा कोणीही त्या घराला ‘मॉडर्न’ म्हणेल आणि कॅथीड्रलला तो शब्द लावणार नाही, कारण कॅथीड्रलची गॉथिक घडण मध्ययुगातून घेतलेली आहे. फ्रान्सने १९६५ मध्ये त्या घराची नोंद ऐतिहासिक स्मारक म्हणून केली. ते स्मारक झाले, तरी त्याचे मॉडर्न असणे संपले नाही.

या उदाहरणावरून मला जे म्हणायचे आहे ते असे. इंग्रजीत एखाद्या वस्तूला मॉडर्न म्हणणारा माणूस ती केव्हा तयार झाली हे सांगत नसतो. ती वस्तू कशाकडे पाठ करून उभी आहे हे सांगत असतो. तो काळात एक रेषा ओढतो आणि त्या वस्तूला रेषेच्या अलीकडे ठेवतो. म्हणून हा शब्द वाचताना ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. शिवाय एकदा ओढलेली रेषा पुष्कळदा तिथेच गोठते, आणि मग जे कधीकाळी विशेषण होते ते एका ठरावीक कालखंडाचे नाव होऊन बसते.

हे गोठणे जिथे लोकांच्या डोळ्यांदेखत घडले असे ठिकाण म्हणजे न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट. ते १९२९ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले संचालक आल्फ्रेड बार यांच्या मनात मॉडर्न हा सरकता शब्द होता. संग्रहालयाचा कायमस्वरूपी संग्रह काळातून पुढे जाणाऱ्या टॉर्पेडोसारखा असावा, त्याचे टोक सतत पुढे सरकणाऱ्या वर्तमानात असावे आणि शेपटी पन्नास ते शंभर वर्षांमागच्या, सतत मागे पडणाऱ्या भूतकाळात असावी, असे त्यांनी १९३३ मध्ये चक्क आकृती काढून मांडले. शेपटीकडची चित्रे यथाकाल दुसऱ्या संग्रहालयाकडे जावीत हे त्यातच आले, आणि १९४७ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमशी तसा करारही झाला. पण १९५३ मध्ये तो विचार सोडून देण्यात आला. सेझान आणि व्हॅन गॉग यांची चित्रे हातची जाऊ देणे कोणत्याही संग्रहालयाला जड गेले असते, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्या निर्णयाबरोबर ‘मॉडर्न आर्ट’ म्हणजे आजची कला हा अर्थ मागे पडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या सुमारे शंभर वर्षांची कला हा अर्थ पक्का होत गेला. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, बोस्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या नावातला मॉडर्न काढून तिथे ‘कंटेम्पररी’ हा शब्द घातला. मॉडर्न हे आता एका विशिष्ट शैलीचे नाव झाले आहे, अशी त्या संस्थेची जाहीर भूमिका होती. एका संस्थेने शब्द राखला आणि त्याचा सरकता अर्थ सोडला; दुसरीने वर्तमान राखण्यासाठी शब्दच सोडला.

माझी विनंती अशी की ज्यांना आपल्या क्षेत्रातल्या मॉडर्नची माहिती आहे त्यांनी ती रेषा कुठे आहे, ती कोणी ओढली आणि ती अजून सरकते की गोठली आहे, हे इथे सविस्तर लिहावे.

खिळेजुळारी

माझे आयुष्य छपाईच्या व्यवसायात गेले आहे. तिथला मॉडर्न आपण दिलेल्या उदाहरणांहून बराच जुना आहे. रोमन लिपीच्या अक्षरवळणांत ‘ओल्ड स्टाइल’ आणि ‘मॉडर्न’ असे दोन प्रमुख वर्ग मानले जातात. त्यांतला मॉडर्न म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये दिदो घराण्याने आणि पार्मा येथे बोदोनी यांनी घडवलेले वळण होय. अक्षराच्या जाड आणि बारीक रेघांमध्ये टोकाचा फरक, ताठ उभा तोल आणि टोकाला केसासारखी बारीक आडवी रेघ ही त्याची लक्षणे आहेत. त्याआधीच्या अक्षरांत बोरूच्या तिरप्या हाताची आठवण शिल्लक होती. या अक्षरांनी ती टाकून दिली आणि धातूवर कोरणाऱ्या माणसाची अचूकता स्वीकारली. म्हणजे ‘कशाच्या तुलनेत?’ या आपल्या प्रश्नाला इथे नेमके उत्तर आहे: हस्तलेखनाच्या तुलनेत.

पुढे जे घडले ते अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पुस्तके आणि वर्तमानपत्रे मुख्यतः मॉडर्न वळणाच्या टायपात छापली जात. लंडनच्या टाइम्सचा टायपही त्याच वर्गातला होता. ऑक्टोबर १९३२ मध्ये त्या पत्राने तो सोडून स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेला टाइम्स न्यू रोमन वापरायला घेतला. आपल्यापैकी बहुतेकांनी संगणकावर तो वापरलेला असेल. त्याच्या घडणीचा आधार प्लँटिन हा टाइप होता आणि प्लँटिनचा आधार सोळाव्या शतकातली अक्षरे होती. म्हणजे वर्तमानपत्राने मॉडर्न टाकून नवे आणले, आणि त्या नव्याची हाडे मॉडर्नपेक्षा दोनशे वर्षांनी जुनी होती. वाचकाच्या डोळ्याला मॉडर्नच्या केसासारख्या रेघा त्रासदायक होतात आणि वेगाने चालणाऱ्या यंत्रावर त्या नीट उमटत नाहीत, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते.

गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ आपले लेख ज्या टेक प्रणालीत सजवतात तिच्यासाठी डोनाल्ड कनूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ नावाची अक्षरे तयार केली. नाव वाचून वाटते की संगणकयुगातली म्हणून ती मॉडर्न आहेत. तसे नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मोनोटाइप कंपनीचे मॉडर्न वर्गातले जुने वळण होते, म्हणून ते नाव. त्या नावातला संगणक विसाव्या शतकाचा आहे आणि मॉडर्न अठराव्या शतकाचा.

प्रकाशवर्ष

भौतिकशास्त्रातली रेषा अगदी ठळक आहे. माक्स प्लांक यांनी डिसेंबर १९०० मध्ये उष्णतेच्या प्रारणाविषयी मांडलेली कल्पना आणि आइनस्टाइन यांचे १९०५ चे लेख यांच्यापाशी ‘मॉडर्न फिजिक्स’ सुरू होते. बी.एस्सी.च्या वर्गात त्या नावाखाली प्रकाशविद्युत परिणाम, बोर यांचा १९१३ चा अणू, श्रोडिंगर यांचे १९२६ चे समीकरण हे सर्व शिकवले जाते आणि त्यातले बरेचसे आता शंभर वर्षे ओलांडून गेले आहे.

खिळेजुळारी यांच्या मुद्द्याला मी एकच भर घालतो. न्यूटन किंवा मॅक्सवेल यांना आपण ‘क्लासिकल’ भौतिकशास्त्र करतो आहोत हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. मॉडर्नची रेषा ओढली गेल्यावर तिच्या पलीकडे राहिलेल्यांना ते नाव मिळाले. रेषेच्या दोन्ही बाजूंना एकाच क्षणी नावे मिळतात. आणि ही रेषा तारखेची नसून पद्धतीची आहे, कारण पाण्याच्या खळाळाविषयी आज सकाळी लिहिलेला शोधनिबंधही क्लासिकल यामिकीत मोडतो.

सरळरेघ

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण मूळ प्रतिपादनाशी मी सहमत नाही. ही सर्व उदाहरणे तज्ज्ञांच्या परिभाषेतली आहेत. सामान्य इंग्रजी वाचक मॉडर्न म्हणतो तेव्हा त्याला ‘नवे आणि म्हणून चांगले’ एवढेच म्हणायचे असते. घराच्या जाहिरातीत, रुग्णालयाच्या माहितीपत्रकात, स्वयंपाकघराच्या वर्णनात तो शब्द निव्वळ स्तुतीसाठी येतो. पाठ कशाकडे फिरवली आहे हा विचार त्या वाचकाच्या मनात नसतो. शब्दाचा अर्थ त्याच्या रोजच्या वापरातून ठरवावा. टाइपांच्या इतिहासातून तो काढू लागलो तर अपवादालाच नियम मानल्यासारखे होईल.

गोदातीर

सरळरेघ, आपला आक्षेप योग्य जागी आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

स्तुतीचा अर्थ आज रूढ आहे हे खरे, पण तो या शब्दाच्या पोटातला नाही. तो नंतर येऊन चिकटला आहे. लॅटिनमध्ये ‘मोदो’ म्हणजे नुकतेच, आत्ताच. त्यावरून पाचव्या शतकाच्या अखेरीस ‘मोदेर्नुस’ हा शब्द वापरात आला. त्यात त्या काळच्या गोष्टी आणि पूर्वसूरींच्या गोष्टी एवढाच भेद होता. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आल्यावरही आरंभी त्याचा अर्थ जवळजवळ ‘सध्याचा’ इतकाच होता. शेक्सपियरच्या नाटकांत तर तो ‘नेहमीचा, सामान्य, गुळगुळीत झालेला’ अशा अर्थाने आलेला आहे, आणि त्या ओळींवर टीपा देणाऱ्यांना आजही हे मुद्दाम सांगावे लागते. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्राचीन लेखक श्रेष्ठ की अर्वाचीन, असा मोठा वाद आधी फ्रान्समध्ये आणि मग इंग्लंडमध्ये झाला. शार्ल पेरो यांनी १६८७ मध्ये फ्रेंच अकादमीत कविता वाचून अर्वाचीनांची बाजू घेतली. इंग्लंडमध्ये जॉनथन स्विफ्ट यांनी १७०४ मध्ये अर्वाचीनांची यथेच्छ खिल्ली उडवली. इंग्रजी शब्दांच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करणारे रेमंड विल्यम्स यांचा निष्कर्ष असा आहे की एकोणिसाव्या शतकापूर्वी या शब्दकुळाचे बहुतेक वापर प्रतिकूल होते. एखादी इमारत किंवा जुन्या ग्रंथाचे स्पेलिंग कोणी ‘मॉडर्नाइज’ केले, तर ते का केले हे त्याला सांगावे लागे. यंत्रे, रेल्वे आणि सार्वजनिक आरोग्याच्या सोयी यांनी एकोणिसाव्या शतकात जगणे पालटले, तेव्हा पारडे फिरले.

आता रोजचा वापर पाहू. ब्रिटनच्या संसदेने २०१५ मध्ये ‘मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट’ मंजूर केला. माणसांची तस्करी आणि सक्तीची मजुरी यांविरुद्ध तो कायदा आहे. इथे मॉडर्न शब्दात स्तुतीचा लवलेशही नाही, आणि तरीही कोणत्याही इंग्रजी वाचकाला तो खटकत नाही. याचे कारण असे की तो वाचक नकळत तुलना करतोच: जी गुलामगिरी कायद्याने केव्हाच बंद झाली असे आपण मानतो तिच्या तुलनेत ही आजही चालू असलेली गुलामगिरी. स्वयंपाकघराच्या जाहिरातीतही तुलना असतेच. फक्त ती इतकी उघड असते की बोलून दाखवावी लागत नाही.

लीड्सकर

मी कित्येक वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहते आणि शाळेत शिकवते. मॉडर्न शब्दाला स्तुती आपोआप चिकटते असे वाटणाऱ्यांनी इथल्या ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळांचा इतिहास जरूर पाहावा.

१९२६ च्या हॅडो समितीच्या अहवालात ‘मॉडर्न स्कूल’ हे नाव मोठ्या आशेने सुचवलेले होते. जुन्या ग्रामर शाळांचा पाया लॅटिन व्याकरणाचा. त्यांच्या शेजारी, ज्या मुलांना प्रत्यक्ष व्यवहाराकडे पाहणारे शिक्षण हवे त्यांच्यासाठी शास्त्र, हस्तव्यवसाय आणि जिवंत भाषा शिकवणाऱ्या शाळा असाव्यात, अशी ती कल्पना होती. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर ग्रामर, टेक्निकल आणि मॉडर्न अशी त्रिविध रचना आली. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होऊ लागली. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. त्यामुळे व्यवहारात दोनच दारे उरली आणि ग्रामरचे दार ज्यांना उघडले नाही ती बहुसंख्य मुले सेकंडरी मॉडर्नमध्ये गेली. दोन्ही शाळांना समान मान असेल असे सांगितले गेले होते. तसे झाले नाही. पैसा, शिक्षक आणि विद्यापीठाकडे जाणारा रस्ता ग्रामर शाळांकडे राहिला. बघता बघता ‘सेकंडरी मॉडर्न’ हे शब्द नापास झाल्याची खूण बनले, इतके की त्या शाळेत शिकलेली वयस्क माणसे आजही ते नाव आवाज उतरवून घेतात. १९६५ नंतर सर्वांसाठी एकच प्रकारची शाळा काढण्याचे धोरण आले आणि बहुतेक ठिकाणी ते नाव पुसले गेले.

गोदातीर यांच्या मांडणीत या उदाहरणाने एक दुरुस्ती सुचते असे मला वाटते. रेषा ओढणाऱ्याने कोणती बाजू वरची मानली होती याला फारसे महत्त्व उरत नाही. समाज पैसा आणि प्रतिष्ठा कुठे ठेवतो त्यावर त्या शब्दाचे वजन ठरते. इथे प्रतिष्ठा जुन्याकडे होती, म्हणून मॉडर्न म्हणजे कमी प्रतीचे असा अर्थ एका पिढीच्या आत रुजला.

उंबरठा

आपण मराठी माणसे बोलताना हा शब्द कसा घेतो, तेही इथे नोंदवले पाहिजे, कारण तो आता आपलाही शब्द झाला आहे. ‘सून फार मॉडर्न आहे’ हे वाक्य मी माझ्या आजीच्या पिढीपासून ऐकत आले आहे. त्या वाक्यात कधी कौतुक असते, अधिक वेळा नाराजी असते, पण ते जवळजवळ नेहमी बाईविषयी असते. धोतर सोडून विजार घातलेल्या, शेंडी कापलेल्या, कचेरीत साहेबाशी इंग्रजीत बोलणाऱ्या पुरुषाला काळाबरोबर चालणारा म्हटले गेले. त्याच घरातल्या बाईने केस कापले, बिनबाह्यांचे पोलके घातले किंवा नवऱ्याला नावाने हाक मारली, की ती मॉडर्न झाली. लग्नाच्या इंग्रजी जाहिरातींत ‘विचारांनी मॉडर्न पण घरंदाज’ अशी मागणी आजही येते. त्या मागणीत रेषेच्या दोन्ही बाजूंना एकाच मुलीने उभे राहायचे असते.

इंग्रजीत रेषा काळात ओढली जाते असे आपण म्हणता. आमच्या घरांत ती उंबरठ्यावर ओढली गेली आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कोण आहे हे ठरवण्याचा अधिकार तिथे उभ्या असलेल्या बाईला नव्हता. कोण ओढतो, हा प्रश्न मला ‘कशाच्या तुलनेत’ इतकाच महत्त्वाचा वाटतो.

ओव्हलचा वाटसरू

मुंबईविषयी थोडे. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या गोलाकार सज्जांच्या इमारती, १९३३ चे रिगल, १९३८ चे इरॉस ही चित्रपटगृहे, यांना आपण आज ‘आर्ट डेको’ म्हणतो. पण त्या उभ्या राहत असताना हे नाव इंग्रजीत रुळलेलेच नव्हते. ते रुळले बेव्हिस हिलियर यांच्या १९६८ च्या पुस्तकामुळे. १९३० च्या दशकात अशा इमारतींना मॉडर्न किंवा मॉडर्निस्टिक म्हणत. सिमेंट काँक्रीटचा सांगाडा, स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेला ब्लॉक, विजेची लिफ्ट, हे सारे चाळीच्या आणि मैदानापलीकडच्या उच्च न्यायालयाच्या गॉथिक कमानींच्या तुलनेत मॉडर्न होते. दुसरीकडे, युरोपातल्या ‘मॉडर्न मूव्हमेंट’च्या पंडितांना ही शैली मान्य नव्हती. नक्षी काढून टाकणे हीच त्यांच्या लेखी कसोटी होती आणि इथे तर दर्शनी भागावर सूर्यकिरणे, लाटा आणि कारंजी कोरलेली होती. एकाच दशकात, एकाच भाषेत, दोन गट एकाच शब्दावर हक्क सांगत होते. पंडितांचा गट जिंकला, शब्द त्यांच्याकडे गेला आणि या इमारतींना तीस वर्षांनी दुसरे नाव शोधावे लागले. २०१८ मध्ये युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या दोन्ही समूहांना एकत्रच जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ज्यांच्याकडे पाठ करून त्या उभ्या होत्या त्यांच्याबरोबर त्यांची नोंद झाली.

दप्तरखाना

उंबरठा यांनी विचारलेला ‘कोण ओढतो’ हा प्रश्न इतिहासलेखनात सर्वांत तीव्र होतो, म्हणून मी सविस्तर लिहितो.

इंग्रजी इतिहासलेखनात मॉडर्नची रेषा एका जागी कधीच नव्हती. १७२४ मध्ये राजा पहिला जॉर्ज याने ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे ‘मॉडर्न हिस्टरी’ची अध्यासने स्थापली, तेव्हा मॉडर्न म्हणजे ग्रीक-रोमन काळानंतरचे सगळे असा अर्थ होता. त्यामुळे ऑक्सफर्डमध्ये दीर्घकाळ मॉडर्न हिस्टरी इसवी सन २८५ पासून, म्हणजे सम्राट डायोक्लेशियनच्या राजवटीपासून, सुरू होत असे. भाषाशास्त्रज्ञांचे मॉडर्न इंग्लिश साधारण १५०० पासून सुरू होते. पुढे १५०० ते १८०० या काळासाठी ‘अर्ली मॉडर्न’ हे नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाले.

आपल्याकडे काय झाले ते पाहा. जेम्स मिल यांनी १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात भारताच्या भूतकाळाचे हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे तीन भाग पाडले. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी धर्माची नावे काढली, प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक ही नावे घातली, पण रेषा बहुतांशी तिथेच राहिल्या. आजही केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभ्यासक्रमात आधुनिक भारताचा इतिहास अठराव्या शतकाच्या सुमारे मध्यापासून सुरू होतो. महाराष्ट्रापुरते पाहिले तर अर्वाचीन काळ १८१८ पासून, पेशवाई बुडाल्यापासून, धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे मॉडर्न होण्याची घटना ही जिंकले जाण्याची घटना ठरते.

याचा परिणाम किती विचित्र आहे हे एका प्रसंगावरून कळेल. ६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडन त्या समारंभाला उपस्थित होता आणि त्याने तिथे कंपनीच्या वतीने तहाची बोलणी केली. ऑक्सिंडन ज्या इंग्लंडमधून आला त्याच्या इतिहासातले ते वर्ष ‘अर्ली मॉडर्न’ आहे. ज्या दरबारात तो उभा होता त्याचे तेच वर्ष आपल्या पाठ्यपुस्तकात मध्ययुगीन आहे. तहाच्या एकाच मसुद्यावर दोन युगांतली माणसे बोलणी करीत होती, असे मानण्याला काय आधार आहे? दोघांनाही तोफा ठाऊक होत्या, दोघांनाही समुद्री व्यापाराचे मोल आणि जकातीचा हिशेब कळत होता, आणि दोघांचीही दप्तरे आज अभ्यासाला उपलब्ध आहेत.

सरळरेघ

दप्तरखाना, आपले उदाहरण मला पटले आणि गोदातीर यांची मूळ मांडणीही आता मला अधिक मान्य आहे. पण मग पुढचा प्रश्न येतो. शिवकाळाला ‘अर्ली मॉडर्न’ म्हटल्याने नेमके काय साधते? इंग्रजांनी त्यांच्या इतिहासासाठी केलेले नाव आपण आपल्या राजाला मानाचे पद म्हणून द्यायचे, यात त्यांच्याच मोजपट्टीला मान्यता दिल्यासारखे होत नाही का? मध्ययुगीन म्हटल्याने एखादा काळ हीन ठरत नाही, असे का म्हणू नये?

दप्तरखाना

आपली शंका मानाच्या पदाविषयी आहे, आणि त्या अर्थाने ते नाव कोणी देत असेल तर माझाही त्याला विरोध राहील. जॉन रिचर्ड्स यांनी १९९७ मध्ये दक्षिण आशियाच्या सोळाव्या ते अठराव्या शतकांसाठी ‘अर्ली मॉडर्न’ हे नाव आग्रहाने मांडले, आणि संजय सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या इतिहासकारांनी या काळाचा अभ्यास जगाच्या इतर भागांशी असलेल्या संबंधांतून केला. त्यांच्या मांडणीत ते नाव बक्षीस म्हणून येत नाही. जगाला वेढणारे समुद्रमार्ग, वाढती लोकसंख्या, लागवडीखाली येणारी नवी जमीन, मोठ्या आणि स्थिर राज्यसंस्था, तंबाखू-मिरचीसारख्या नव्या पिकांचा आणि बंदुकीसारख्या तंत्रांचा प्रसार, हे बदल एकाच सुमारास इस्तंबूलपासून एदोपर्यंत (आजचे टोकियो) दिसतात, म्हणून त्यांना एका नावाखाली एकत्र पाहावे, असा तो युक्तिवाद आहे. तुलना उघड होते, हाच त्याचा उपयोग. मध्ययुगीन हे नाव ठेवले तर आपला सतराव्या शतकाचा अभ्यासक तेराव्या शतकाच्या यादवकाळाकडे पाहत बसतो. समकालीन ऑटोमन किंवा जपानी महसूलव्यवस्थेकडे पाहण्याचे त्याला सुचत नाही.

तरीही निकष सांगितल्याशिवाय ते नाव घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण निकष बदलला की रेषा कितीतरी सरकते. छपाई हा निकष घ्या. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने मराठीत ओवीबद्ध रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या हिशेबाने मराठी भाषा शेक्सपियरच्या मृत्यूच्या वर्षीच छापखान्याच्या युगात आली असे म्हणावे लागेल. पण मराठी मुलखातल्या वाचकाच्या हाती त्यातून काही पडले नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले, आणि मराठी छपाईची अखंड परंपरा त्यापुढची आहे. एकाच निकषाने १६१६ आणि १८०५ अशी दोन वर्षे हाती येतात आणि दोन्हींच्या मध्ये संपूर्ण शिवशाही आणि जवळजवळ संपूर्ण पेशवाई येते.

म्हणून मी छपाईचा निकष घेणार नाही. जमीन आणि महसूल यांचा घेईन. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याने दख्खनमध्ये लावलेली जमीनधाऱ्याची पद्धत पुढच्या काळातल्या कागदपत्रांत नावानिशी येत राहते, आणि शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या नावाशी जोडलेली जमीनमोजणी त्याच प्रवाहातली आहे. राज्यसंस्था गावच्या जमिनीची प्रत मोजून, लिहून आणि रोकडीत आकारून पाहू लागते, तिथे मराठी मुलखातली रेषा ओढावी असे मला वाटते. ती रेषा सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात पडते. तिच्या अलीकडे वतनदार, पाटील आणि कुणबी यांच्यासाठी प्रत्यक्ष काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे दाखवण्यासाठी मी मोडी कागदांच्या आधारे स्वतंत्र धागा लिहीत आहे. तिथे आपण सर्वांनी हीच शंका पुन्हा विचारावी.